पोस्टकार्डाएवढी जमीन

स्पोर्ट्स कारचा मालक टायरच्या दुकानात गेला की बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो : याहून रुंद टायर बसतील का? प्रश्नामागचा विचार सरळ आहे. रस्त्याला जितकं जास्त रबर टेकेल तितकी पकड जास्त, आणि जितकी पकड जास्त तितकी गाडी वळणावर चांगली वागणार. यातला पहिला भाग अर्धाच खरा आहे आणि दुसरा भाग पुष्कळदा चुकीचा ठरतो. पकड आणि हँडलिंग एकमेकांची नातेवाईक असली तरी त्या एकच गोष्ट नाहीत. टायरचं माप ठरवताना आपण खरं तर पुढच्या आणि मागच्या चाकांमधला तोल ठरवत असतो, आणि रुंदीची हाव धरली की बिघडतो तो हाच तोल. हे पटवून देण्यासाठी एक छोटी गाडी समोर ठेवू : माझदा कंपनीची पहिली एमएक्स-५. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. दोन माणसांची, उघड्या टपाची, जेमतेम साडेनऊशे किलोंची. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. तिच्या जपानी अभियंत्यांनी ‘जिन्बा इत्ताई’ हे ब्रीद धरलं होतं, म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. अशा गाडीला त्यांनी १८५/६० आर १४ हे टायर दिले. आजच्या नजरेला हे माप किरकोळ वाटेल, पण ते विचार करून दिलेलं होतं.

१. टायरवरची अक्षरं वाचायची कशी

१८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये दिलेली नसते. रुंदीच्या ६० टक्के असा तिचा अर्थ. १८५ चे ६० टक्के म्हणजे १११ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल, आतले धागे काठापासून काठापर्यंत आडवे घातलेली बांधणी. मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि आज जवळपास सगळ्या मोटारींचे टायर तसेच असतात. १४ म्हणजे रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तीन हिशेब आल्यामुळे माणसं इथेच गोंधळतात. यापुढे बहुधा ८२एच असं काहीतरी लिहिलेलं असतं. ८२ हा भारांक. त्याचा अर्थ एक टायर जास्तीत जास्त ४७५ किलो पेलेल. एच हे वेगाचं अक्षर. या टायरची मर्यादा ताशी २१० किलोमीटर. व्ही असेल तर २४०.

आता टायरसकट चाकाचा पूर्ण व्यास काढू. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची अशा दोन भिंती मिळवायच्या, १११ अधिक १११. बेरीज ५७७.६. हा आकडा जपून ठेवा, कारण गाडीचे गिअर, वेगमापक, ब्रेक आणि जमिनीपासूनची उंची हे सगळं त्याला धरून ठरलेलं असतं. व्यास वाढला तर चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर तोडते. म्हणजे सगळे गिअर जरा लांब होतात आणि उचल मंदावते. वेगमापक फेऱ्याच मोजत असल्याने तो कमी वेग दाखवू लागतो. युरोपातल्या नियमानुसार वेगमापकाने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये. जास्त दाखवलेला एका मर्यादेपर्यंत चालतो. म्हणून माप बदलताना रुंदी, टक्के आणि रिम हे तिन्ही आकडे असे हलवायचे की पूर्ण व्यास जवळपास तोच राहील. आपल्याकडच्या रस्त्यावरचं उदाहरण घ्या. २०१८ च्या मारुती स्विफ्टमध्ये साध्या प्रकाराला १६५/८० आर १४ आणि महागड्या प्रकाराला १८५/६५ आर १५ टायर होते. दोन्हींचा हिशेब केला तर ६१९.६ आणि ६२१.५ मिलिमीटर येतात. रिम एक इंचाने वाढली, रुंदी दोन सेंटिमीटरने वाढली, पण चाकाची उंची दोनच मिलिमीटरने बदलली.

२. जमिनीला टेकतं किती?

एमएक्स-५ मध्ये दोन माणसं बसली की वजन साधारण ११०० किलो होतं आणि ते चारही चाकांवर बरंचसं सारखं पडतं. म्हणजे एका चाकावर २७५ किलो. कंपनीने सांगितलेला हवेचा दाब २६ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.८३ किलो. टायरमधली हवा हे वजन उचलून धरते असं मानलं तर २७५ ला १.८३ ने भागायचं. उत्तर येतं साधारण १५० चौरस सेंटिमीटर. आपलं टपालखात्याचं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं असतं, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. तेव्हा सगळी गाडी, तिचा वेग, ब्रेक आणि वळण हे सगळं पोस्टकार्डाहून जरा मोठ्या अशा चार तुकड्यांवर तोललेलं असतं.

या भागाकारात टायरची रुंदी कुठेच आली नाही, याकडे लक्ष द्या. वजन तेच आणि हवा तीच असेल तर टेकणाऱ्या जागेचं क्षेत्रफळ रुंद टायरमुळे फारसं वाढत नाही. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, त्यामुळे हिशेब अगदी काटेकोर नाही, पण दिशा बरोबर आहे. रुंद टायरने बदलतो तो त्या पोस्टकार्डाचा आकार. अरुंद टायरचं कार्ड गाडीच्या दिशेने लांबट असतं; रुंद टायरचं आडवं आणि आखूड. टेकणारी पट्टी १५ सेंटिमीटर रुंद असेल तर लांबी १० सेंटिमीटर. ती १७ सेंटिमीटर केली तर लांबी पावणेनऊवर येते. मग रुंद टायरचा उपयोग काहीच नाही का? आहे, पण लोकांना वाटतो त्या कारणाने नाही.

३. वळणावर टायर काय करतो

नदी ओलांडणारी होडी डोळ्यांसमोर आणा. नावाडी नाक पैलतीरावरच्या एका झाडाकडे रोखतो, पण प्रवाह होडीला थोडं खाली सरकवतो, आणि ती प्रत्यक्षात जाते झाडाच्या जरा बाजूला. वळणावर टायरचं असंच होतं. रबर लवचीक असल्याने चाक जिकडे तोंड करून असतं आणि जिकडे खरोखर जातं, त्या दोन दिशांत थोडा कोन पडतो. अभियंते त्याला ‘स्लिप अँगल’ म्हणतात. आपण सरककोन म्हणू. सरककोन म्हणजे घसरणं नव्हे. हा कोन पडल्याशिवाय टायरला आडवं बळ देताच येत नाही. रबर थोडं पिळलं जातं आणि त्या पिळातून गाडी वळते. आखूड आणि आडव्या कार्डाचा टायर तेवढंच बळ कमी पिळात देतो. म्हणून रुंद टायरवर स्टिअरिंग फिरवताच गाडी चटकन वळते, आणि अरुंद टायरवर ती क्षणभर विचार करून वळल्यासारखी वाटते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकांकडे झुकतं. टायरवर ओझं वाढलं की त्याची एकूण पकड वाढते खरी, पण ओझ्याच्या प्रमाणात वाढत नाही. बैलजोडीतलं जू एकाच बैलाकडे कललं की जोडीची एकूण ओढ कमी होते, तसंच. समजण्यापुरते आकडे घेऊ. पुढच्या दोन चाकांवर २७५-२७५ किलो आहेत आणि ओझ्याइतकीच पकड मिळते असं धरलं तर एकूण ५५० किलोभाराचं आडवं बळ मिळतं. वळणावर बाहेरच्या चाकावर ४५० आले आणि आतल्यावर १०० उरले. जास्त ओझ्याखाली बाहेरच्या टायरची पकड ओझ्याच्या ९२ टक्क्यांवर आली, म्हणजे ४१४. हलक्या झालेल्या आतल्या टायरची १०५ टक्के, म्हणजे १०५. बेरीज ५१९. वजन तेच, टायर तेच, तरी ३१ किलोभार गळाला. टायर थोडा रुंद असेल तर ओझं रबरावर अधिक सारखं पसरतं आणि ती घसरण मंदावते. ९२ च्या जागी ९५ टक्के धरले तर बेरीज ५३२ होते. रुंदीचा खरा फायदा हा आहे. भरीला रुंद टायरमध्ये रबर जास्त असल्याने तो उशिरा तापतो, म्हणून त्यात जास्त मऊ रबर वापरता येतं.

ही पुढच्या जोडीची गोष्ट झाली. मागच्या जोडीचाही असाच हिशेब असतो, आणि हँडलिंग ठरतं ते या दोन बेरजांच्या फरकावरून. पुढची पकड आधी संपली तर गाडी वळायला नकार देऊन सरळ बाहेर जाऊ पाहते, तो अंडरस्टीअर. मागची आधी संपली तर शेपूट बाहेर येतं आणि गाडी स्वतःभोवती फिरू पाहते, तो ओव्हरस्टीअर. चारही टायरांची पकड वाढवली तर दोन्ही गोष्टी जास्त वेगाला घडतील एवढंच. आधी काय घडेल आणि किती अचानक घडेल, हे पुढच्या-मागच्या प्रमाणावर आहे.

४. पुढे किती, मागे किती

या प्रमाणाचा सगळ्यात बोलका इतिहास पोर्शच्या ९११ चा आहे. १९६३ मध्ये फ्रँकफर्टला दाखवलेल्या या गाडीचं इंजिन मागच्या आसाच्याही मागे टांगलेलं होतं आणि चारही चाकांना सारखेच अरुंद, १६५ मिलिमीटरचे टायर होते. मागे वजन जास्त, टायर मात्र पुढच्याइतकाच. चालकाने वळणात घाबरून पाय उचलला की शेपूट सुटायचं. सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरच्या दोन टोकांना अकरा-अकरा किलोंची वजनं बसवून तोल सावरायचा प्रयत्न झाला. १९६९ च्या मॉडेलमध्ये मागची चाकं मागे सरकवून दोन आसांमधलं अंतर ५७ मिलिमीटरने वाढवलं गेलं. आणि १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ मध्ये पोर्शने पुढे १८५/७० आणि मागे २१५/६० अशी वेगवेगळी मापं दिली, दोन्ही १५ इंची रिमवर. हिशेब करून पाहा : पुढचा व्यास ६४० मिलिमीटर, मागचा ६३९. रुंदी तीन सेंटिमीटरने बदलली तरी उंची एका मिलिमीटरपेक्षा जास्त ढळू दिलेली नाही. चांगलं माप निवडणं म्हणजे काय, ते या दोन आकड्यांत दिसतं.

टोयोटाच्या एमआर२ ची दुसरी पिढी इंजिन मध्यावर असलेली. आधी पुढे १९५/६० आणि मागे २०५/६०, दोन्ही १४ इंची. शेपूट अवचित सुटण्याबद्दल तक्रारी झाल्यावर पुढे १९५/५५ आणि मागे २२५/५०, दोन्ही १५ इंची. पुढची रुंदी तीच ठेवून मागची दोन सेंटिमीटरने वाढवली. होंडाने एस२००० मध्ये तेच केलं. १९९९ ला आलेल्या गाडीत पुढे २०५ आणि मागे २२५, म्हणजे मागचा टायर सुमारे १० टक्के रुंद. २००४ मध्ये पुढे २१५ आणि मागे २४५ झाले, म्हणजे १४ टक्के. चारही टायर रुंद झाले, पण मागचे जास्त झाले. यावर कोणी म्हणेल की या दोन्ही गाड्यांचं सस्पेन्शनही त्याच वेळी बदललं, मग श्रेय टायरांना कसं? आक्षेप रास्त आहे आणि सगळं श्रेय टायरांना देता येणार नाही. पण गाडी अधिक सावध करायची ठरल्यावर कंपन्यांनी मागचा टायर पुढच्यापेक्षा जास्त वाढवला, ही दिशा तिन्ही ठिकाणी सारखीच आहे, आणि वरच्या बेरजांशी जुळणारी आहे.

यातून उलटा धडाही निघतो. मूळ गाडी तोलात असेल आणि कोणी फक्त दिसायला भारी म्हणून मागचे टायर रुंद केले, तर तो स्वतःच्या पैशांनी अंडरस्टीअर विकत घेतो. एमएक्स-५ चं वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं. तिला चारही सारखेच टायर शोभतात.

५. रिम मोठी करावी का?

मोठी रिम म्हणजे ठेंगणी भिंत. ठेंगणी भिंत कमी लवते, म्हणून स्टिअरिंगचा हुकूम लवकर पोचतो. इथपर्यंत फायदा आहे. पण टायरची भिंत हीदेखील एक स्प्रिंग आहे आणि सस्पेन्शन आखताना अभियंत्याने ती जमेस धरलेली असते. ती फार आखडली की खडबडीत वळणावर चाक रस्त्याला चिकटून राहण्याऐवजी उड्या मारू लागतं, आणि हवेत असलेल्या चाकाची पकड शून्य. मोठी रिम सहसा जडही असते. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं; खड्ड्यातून चाक वर-खाली होताना ते सगळं सस्पेन्शनला आवरावं लागतं, शिवाय गाडी पळवताना आणि थांबवताना ते फिरवावं-थांबवावं लागतं. म्हणून ब्रेक मोठे बसवायचे असतील तरच रिम वाढवायला ठोस कारण आहे, आणि तेव्हाही एका इंचाने.

रिमच्या व्यासापेक्षा तिच्या रुंदीकडे लोकांचं कमी लक्ष जातं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तिथे होते. पैलवान पाय फाकवून उभा राहतो. पाय जुळवून उभं राहणाऱ्याला कोणीही ढकलून देईल. अरुंद रिमवर कोंबलेला रुंद टायर असाच पाय जुळवून उभा असतो : भिंती बाहेर फुगतात, मधली नक्षी गोलसर होते, आणि वळणावर टायर आधी रिमवरच डुलतो. प्रत्येक मापाला रिमच्या रुंदीची ठरलेली मर्यादा असते. १९५/५० आर १५ ला ती साडेपाच ते सात इंच आहे. रिम अर्ध्या इंचाने रुंद केली की तोच टायर सुमारे पाच मिलिमीटर रुंद मापतो. तेव्हा मधल्या किंवा वरच्या मर्यादेच्या रिमवर बसवलेला १९५ चा टायर, अरुंद रिमवर दाबून बसवलेल्या २०५ च्या टायरपेक्षा वळणात जास्त नेमका वागतो. शेवटी ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती आत-बाहेर आहे ते. तो मूळच्या जवळ ठेवा. चाक फार बाहेर आलं की खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देतं आणि बेअरिंगवर जास्त ताण येतो.

६. मग शर्यतीच्या गाड्या रुंद टायर का लावतात?

हा सगळ्यात वजनदार आक्षेप. फॉर्म्युला वनमध्ये २०१७ ला पुढचे टायर २४५ वरून ३०५ आणि मागचे ३२५ वरून ४०५ मिलिमीटर झाले, आणि गाड्या वळणात जास्त वेगवान झाल्या. पण त्या गाड्यांना हवेचा दाब पंखांवरून खाली ढकलतो, त्यामुळे वेगात टायरवरचं ओझं गाडीच्या वजनाहून कितीतरी वाढतं. टायर आधी गरम करून लावलेले असतात आणि पाऊस आला की ते काढून वेगळी नक्षी असलेले लावतात. रस्त्यावरच्या ९५० किलोंच्या गाडीला यातलं काहीच नाही. तिचे टायर थंड असतात, आणि फार रुंद टायर हलक्या गाडीखाली पुरेसा तापतच नाही.

पावसाचं तर उलटंच होतं. नाकाडी होडी पाणी कापते, सपाट तळाचा तराफा पाण्यावर बसतो. रुंद टायरला समोरून जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो कमी वेगाला पाण्यावर तरंगू लागतो, आणि तरंगणाऱ्या टायरला स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी फरक पडत नाही. आंबोली किंवा खंडाळ्याच्या घाटात आषाढात चालणाऱ्या कुठल्याही गाडीला हे लागू आहे, मग ती स्पोर्ट्स कार असो वा हौसेने रुंद टायर लावलेली हॅचबॅक.

आणि कमी रुंदी ही कंजुषीच असते असंही नाही. २०१२ च्या टोयोटा जीटी८६ ला २१५/४५ आर १७ टायर होते. इंधन वाचवण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रियसच्या काही प्रकारांनाही हेच माप येई. २०० अश्वशक्तीच्या गाडीला हे टायर मुद्दाम दिले होते, कारण पकड बेताची असली की तिची हद्द साध्या वेगाला कळते आणि हळूहळू कळते. प्रचंड पकडीची गाडी हद्द ओलांडते तेव्हा वेग फार झालेला असतो आणि सावरायला वेळ उरत नाही. माझ्या मते रस्त्यावरच्या माणसाला हा युक्तिवाद सगळ्यात जास्त पटायला हवा.

७. आता एमएक्स-५ ला काय लावावं?

तिच्या ५७७.६ मिलिमीटरच्या व्यासाशी पर्याय ताडून पाहू. १९५/५० आर १५ : भिंत ९७.५, रिम ३८१, एकूण ५७६. फरक अवघा पाव टक्का. माझदानेही गाडीच्या दुसऱ्या पिढीत हे माप दिलं होतं. भारांक बहुधा ८२ च मिळतो, म्हणजे ४७५ किलो. काही गमावलेलं नाही. २०५/५० आर १५ : एकूण ५८६, म्हणजे दीड टक्का जास्त. वेगमापक १०० दाखवेल तेव्हा वेग १०१.५ असेल, गाडी चार मिलिमीटर उंच होईल, गिअर जरा लांब होतील. मोटारस्पर्धेच्या मैदानात मऊ रबरासह हे माप समर्थनीय आहे. रोजच्या रस्त्यावर त्याची गरज नाही. २०५/४५ आर १६ : एकूण ५९१, सव्वादोन टक्के जास्त, शिवाय रिम जड. दिसायला छान, चालवायला मूळ मापाहून वाईट.

माझा निवाडा १९५/५० आर १५ च्या बाजूने आहे, चारही चाकांना सारखा, साडेसहा इंच रुंदीच्या हलक्या रिमवर. उरलेले पैसे चांगल्या प्रतीच्या रबरावर खर्च करा, कारण एकाच मापाच्या साध्या आणि उत्तम टायरमधला फरक दहा मिलिमीटर रुंदीने भरून निघत नाही. तुमची गाडी दुसरी असेल तर दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीतलं मूळ माप लिहून घ्या, व्यास काढा आणि दीड टक्क्याच्या आत राहा. पुढच्या-मागच्या रुंदीचं प्रमाण कंपनीने ठेवलंय तेच ठेवा. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर पुढच्या-मागच्या व्यासांत कंपनीने ठेवलेल्यापेक्षा वेगळा फरक पडू देऊ नका. आणि पैसे देण्याआधी टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. कडक झालेल्या जुन्या रबराचा टायर माप अचूक असलं तरी घेऊ नका.